‘तुम्ही’ बरोबर, मग ‘तुम’ का चुकतं? सर, बाई, मास्तर आणि मॅडम यांच्या मानाचा सीमाभागातला हिशेब

दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यानंतर अचानक दुसऱ्या भाषेचं कॉलेज. सीमाभागातल्या हजारो घरांत दर जूनला हेच घडतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं एसएसएलसी करून पीयूसीला जातात. इंदूर-ग्वाल्हेरची मराठी मुलं हिंदी वर्गात बसतात, बडोद्याची गुजराती वर्गात, हैदराबादची तेलुगू आणि उर्दूच्या मिसळीत. पुस्तकं बदलतात, त्याची तयारी घरचे करतात. फी, वसतिगृह, बसचा पास सगळं बघितलं जातं. पण सरांना हाक कशी मारायची, त्यांच्याशी बोलताना क्रियापद कुठलं लावायचं, हे कुणी सांगत नाही. ‘त्यात काय सांगायचं?’ असं आपल्याला वाटतं.

सांगायला पाहिजे, कारण इथली चूक दिसत नाही. गणित चुकलं तर वहीवर लाल रेघ येते. संबोधन चुकलं तर सर काही बोलत नाहीत, फक्त मनात नोंद करतात की ‘पोरगं उद्धट आहे’. त्या पोराला कळतही नाही की आपण काय केलं. वर्षभर तो विचार करत राहतो की सर आपल्याशी नीट का बोलत नाहीत. त्यामुळे हा विषय नुसत्या शिष्टाचाराचा राहत नाही, मुलाच्या आत्मविश्वासाचा होतो. म्हणून या लेखात एकेक भाषा आणि एकेक शब्द घेऊन हिशेब मांडू.

आधी आपली मराठी

मराठीत समोरच्याला बोलायला तीन शब्द आहेत: तू, तुम्ही, आपण. शिक्षकांना ‘तुम्ही’ म्हणायचं हे पहिलीतलं पोरही जाणतं. पण ‘तू’ म्हणजे अपमान, असं मात्र नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो. ‘तू’ जवळिकीचा आहे. शिक्षकाशी प्रेम असतं, पण मध्ये एक पायरी राखायची असते, म्हणून तिथे ‘तुम्ही’.

‘आपण’ची गंमत वेगळी आहे. हा शब्द मानाचा आहेच, पण त्याचा दुसरा अर्थ ‘तुम्ही आणि मी मिळून’ असाही होतो. ‘सर, आपण उद्या येणार का?’ या वाक्यात सर येणार की दोघं मिळून जाणार, हे संदर्भाशिवाय कळत नाही. म्हणून अर्जात, भाषणात, निमंत्रणात ‘आपण’ शोभतो. रोजच्या बोलण्यात ‘तुम्ही’ पुरेसा आहे. ‘आपण’ न म्हटल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

खरी परीक्षा मात्र सर समोर नसताना होते. ‘सर आले’ आणि ‘सर आला’ यात एका मात्रेचा फरक, पण त्या मात्रेतच सगळा मान आहे. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. व्यक्ती एकच, पण क्रियापद अनेकवचनी: सर शिकवतात, बाई आल्या, मॅडम गेल्या. आपल्या भागात मित्रामित्रांत ‘सर आलाय बघ’ असं सर्रास चालतं. ते मित्रांत ठीक आहे, पण तोंडाला सवय लागली की स्टाफरूमच्या दारातही तेच बाहेर पडतं.

‘तुम’ हा ‘तुम्ही’ नव्हे

आता सीमा ओलांडू. मराठी मुलांची सगळ्यात मोठी फसगत हिंदीत होते. मराठी ‘तुम्ही’ आणि हिंदी ‘तुम’ हे कानाला भाऊ-भाऊ वाटतात. त्यामुळे मराठी पोरगं अत्यंत आदराने, हात जोडून विचारतं, ‘सर, तुम कल आओगे क्या?’ त्याच्या मनात ‘तुम्ही येणार का’ असतं. हिंदी सरांच्या कानावर मात्र ‘तू’च्या जवळचं काहीतरी पडतं. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत आणि ‘तुम’ मधल्या पायरीवर आहे, बरोबरीच्यांसाठी आणि लहानांसाठी. शिक्षकाला ‘आप’च लागतो: ‘सर, आप कल आएँगे क्या?’

मोठ्या माणसांचंही असंच होतं. महाराष्ट्रातून इंदूर-ग्वाल्हेरला बदलून गेलेले पालक मुलाच्या शाळेत जाऊन ‘मॅडम, तुम बताओ’ म्हणतात आणि मॅडमचा चेहरा का उतरला, ते त्यांना समजत नाही. माळव्यात ‘आप बताओ’ अशी मिसळ खूप ऐकू येते, त्याने कुणी रागावत नाही. पण अर्जात किंवा पहिल्या भेटीत ‘बताइए’ बरं. इंदुरी ‘भिया’ मात्र दोस्तांसाठी ठेवायचं.

कन्नडमध्ये काम सोपं आहे. ‘नीनु’ म्हणजे तू आणि ‘नीवु’ म्हणजे तुम्ही. सरांना ‘नीवु’ म्हटलं की झालं. ‘तावु’ हा त्याहून औपचारिक, साधारण आपल्या ‘आपण’सारखा, सभेत आणि अर्जात शोभणारा. क्रियापदाचा नियमही मराठीसारखाच आहे: ‘सर बंद्रु’ म्हणजे सर आले आणि नुसतं ‘बंद’ म्हणजे आला. मराठी मुलाला ‘बंद’ पटकन जमतं, कारण ते छोटं आहे. घोटाळा तिथेच होतो. म्हणून पाठ करताना ‘बंद्रु’, ‘होद्रु’, ‘हेळिद्रु’ अशी मानाचीच रूपं पाठ करावीत.

उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये आणखी एक मोठं काम करणारा छोटा शब्द आहे, तो म्हणजे ‘री’. हौद्री, इल्लरी, बर्री. म्हणजे होय जी, नाही जी, या जी. मराठी कानाला हा ‘री’ आपल्या ‘रे’सारखा वाटतो आणि नवखा मराठी माणूस दचकतो की हा मला ‘अरे’ का म्हणतोय. प्रत्यक्षात उलट आहे. ‘री’ लावला म्हणजे मान दिला. नुसतं ‘हौदु’ म्हटलं तर कोरडं वाटतं, ‘हौद्री सर’ म्हटलं की काम होतं. वर्गात शिरताना ‘ओळग बर्लेन्री सर’, म्हणजे ‘आत येऊ का सर’, एवढं एक वाक्य जमलं तरी पहिला आठवडा सुखाचा जातो. २०१५ च्या कायद्यानंतर कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं झालं, त्यामुळे अक्षरओळख बहुतेक मुलांना आहे. पण पुस्तकातली कन्नड वेगळी आणि वर्गाच्या दारातली वेगळी.

गुजरातीत तुं, तमे, आप. इथला ‘तमे’ आपल्या ‘तुम्ही’सारखाच मानाचा आहे, हिंदी ‘तुम’सारखा नाही. त्यामुळे बडोद्याच्या मराठी मुलाला शाळेत ‘तमे’ बिनधास्त चालतो. तेलुगूत ‘नुव्वु’ म्हणजे तू, ‘मीरु’ म्हणजे तुम्ही, आणि नावापुढे ‘गारु’ लावला की आपलं ‘राव’ किंवा हिंदीचं ‘जी’ झालं. कोंकणीत तूं आणि तुमी. गोव्यात घरातल्या वडीलधाऱ्यांनाही अनेक घरांत ‘तूं’ म्हणतात. ते प्रेमाचं असतं. म्हणून गोव्याचा मुलगा चुकून ‘तूं’ बोलला तर मराठी मास्तरांनी लगेच त्याचे संस्कार काढू नयेत.

थोडक्यात, नीवु, तमे, मीरु, तुमी हे सगळे आपल्या ‘तुम्ही’चे सख्खे. फक्त हिंदीतला ‘तुम’ तसा नाही. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी लढाई जिंकली.

मास्तर खाली कसा आला?

आता हाकेकडे वळू. पूर्वी शिक्षकाला पंतोजी म्हणत. त्यानंतर मास्तर आला, गावाकडे गुरुजी राहिला आणि शेवटी सर आला. आज ‘मास्तर’ म्हटलं की काही शिक्षकांना कमीपणा वाटतो आणि ‘सर’ म्हटलं की बरं वाटतं. शब्दांचं मूळ बघितलं तर हे अगदी उलटं आहे. ‘मास्टर’ हा लॅटिनमधल्या ‘मॅजिस्टर’वरून आला, ज्याचा अर्थच शिकवणारा. ‘सर’चं मूळ लॅटिन ‘सीनियर’मध्ये, म्हणजे वयाने मोठा, आणि मग फ्रेंच वाटेने इंग्रजीत मालक, धनी अशा अर्थाने. म्हणजे शिकवण्याचा शब्द मास्तर आणि नुसत्या मोठेपणाचा शब्द सर. आपण शिकवण्याचा शब्द टाकून मोठेपणाचा घेतला.

याला कारणंही आहेत. मास्तर हा शब्द खूप ठिकाणी वाटला गेला: पोस्ट मास्तर, स्टेशन मास्तर, टेलर मास्तर, बॅण्ड मास्तर. एसटीच्या कंडक्टरलाही मास्तर म्हणतात. एखादा माल बाजारात भरपूर आला की त्याचा भाव पडतो, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात शिकवतात. शब्दांचंही तसंच. आता ‘सर’चीही तीच गत सुरू आहे. बँकेत सर, मोबाईलच्या दुकानात सर, कुरियरवाल्याच्या फोनवर सर. आणखी तीस वर्षांनी शिक्षकांना कुठला शब्द लागेल, देव जाणे.

तरी मास्तर मेलेला नाही. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर हे ‘सर’ असते तर इतके आपले वाटले असते का? (पुलंनी काही काळ आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं होतं, ही आपल्याकडची जुन्या माणसांची आवडती आठवण.) उत्तर कर्नाटकाच्या खेड्यांत कन्नड घरांतही ‘मास्तर’ चालतो आणि दक्षिणेकडे त्याचाच ‘मेष्ट्रु’ होतो. तेलुगूत ‘मास्टारु’. हिंदी पट्ट्यात ‘मास्टर साहब’चा ‘मास्साब’ झाला. गोव्यात पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’वरून ‘मेस्त’ आला, पण तो सुताराला. मूळ एकच, पण कुठे शिक्षक आणि कुठे सुतार. म्हणून गोव्यात कुणी ‘मेस्तांक आपय’ म्हटलं तर पोरांनी दप्तर घेऊन धावू नये.

‘गुरुजी’चं वजन वेगळं. पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, पण आज त्यांचं पूर्ण नाव सांगितलं तर कित्येकांना क्षणभर थांबावं लागतं. साने गुरुजी म्हटलं की लगेच उलगडतं. तिथे संबोधनच नाव झालं. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे विद्यार्थ्यांचे ‘अण्णा’ होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाही अण्णा म्हणत. म्हणजे मान द्यायला इंग्रजी शब्दच लागतो असं नाही. घरातलं नातंही पुरतं, पण ते नातं त्या माणसाने कमवावं लागतं.

‘आचार्य’ हा आणखी एक फिरता शब्द आहे. मराठीत आचार्य अत्रे, आचार्य विनोबा भावे, म्हणजे लोकांनी दिलेला मान. गुजरातेत ‘आचार्य’ म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक, तिथे अर्जावर ‘आचार्यश्री’ लिहायचं. मध्य प्रदेशात सरस्वती शिशु मंदिरांत प्रत्येक शिक्षक ‘आचार्यजी’ आणि शिक्षिका ‘दीदी’. बडोद्याहून इंदूरला बदली झालेल्या घरात यावरून गोंधळ उडतो. मुलगा सांगतो, ‘आचार्यांनी बोलावलंय’, आणि आई घाबरते की थेट हेडमास्तरांपर्यंत काय गेलं!

बाई, मॅडम, टीचर

मराठी शाळेतला ‘बाई’ हा सुंदर शब्द आहे. ताराबाई, सावित्रीबाई यांच्या नावातच तो मानाने बसलेला. मराठी माध्यमात शिकलेल्या पन्नाशीच्या माणसाला आजही पहिलीच्या बाई ‘बाई’ म्हणूनच आठवतात. पण हा शब्द राज्याबाहेर जपून वापरायचा. हिंदी घरांत ‘बाई’ म्हणजे घरकामाला येणारी बाई. इंदूरच्या हिंदी शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हटलं तर वर्ग हसतो. आता महाराष्ट्रातल्या शहरांतही हा दुसरा अर्थ पसरला, म्हणून बाईंच्या जागी मॅडम आल्या.

वास्तविक घरकाम करणारी स्त्री आणि शाळेत शिकवणारी स्त्री, दोघींना एकच मानाचा शब्द असणं यात वाईट काय होतं? पण समाज शब्दांना पायऱ्या लावतो. आपण एकटे त्या पायऱ्या पुसू शकत नाही. मुलाने चारचौघांत हसं करून घेऊ नये, एवढं बघायचं. मराठी शाळेत मात्र ‘बाई’ टिकला तर आनंदच आहे.

बडोद्यात शिक्षिका ‘बेन’ आणि शिक्षक ‘साहेब’. नावासकट बोलायचं तर नाव आणि बेन. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू हंसा मेहता यांनाही लोक हंसाबेन म्हणत. कुलगुरूंना ‘बहीण’ म्हणण्यात गुजरातला काही वावगं वाटलं नाही. उत्तर कर्नाटकात शिक्षिकेला ‘अक्कोरु’ म्हणतात, ‘अक्का’ला मानाचं बहुवचन लावून. अंगणवाडीत आपल्याकडे ‘ताई’. म्हणजे बेन, अक्कोरु, दीदी, ताई, सगळीकडे शिकवणारी बाई ही थोरली बहीण. इंग्रजी ‘मॅडम’ फ्रेंच ‘मा दाम’वरून, म्हणजे ‘माझ्या धनीणबाई’. कुठलं जवळचं, ते वाचकांनीच ठरवावं.

केरळने यावर वेगळा तोडगा काढला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या राज्य बालहक्क आयोगाने सांगितलं की शाळेत सर आणि मॅडम नको, स्त्री असो की पुरुष, सगळ्यांना ‘टीचर’ म्हणा. सर-मॅडममध्ये बाई की पुरुष हे आधी येतं आणि काम मागे पडतं, असा विचार त्यामागे होता. तिकडे पुरुष शिक्षकाला ‘माष’ आणि स्त्रीला ‘टीचर’ असं आधीपासून चालत होतंच. महाराष्ट्रानेही मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढताना नावाआधी इंग्रजीत ‘टीआर’ आणि मराठीत ‘टि’ लावण्याची सूचना केली, डॉक्टर आणि वकील लावतात तशी. हाक मारताना मात्र ‘टि पाटील’ असं कुणी म्हणताना दिसत नाही. कागदावरचा मान आणि तोंडातला मान हे दोन वेगळे खाते आहेत.

आडनाव आधी की सर आधी?

‘पाटील सर’, ‘कुलकर्णी मॅडम’ ही आपली पद्धत. आडनाव आधी, मान नंतर, जसं पूर्वी बाळासाहेब, भाऊराव. इंग्रजीत ‘सर’ आडनावाला जोडतच नाहीत. तिथे नुसतं ‘सर’ म्हणतात, आणि नावाआधी आला तर तो सरकारचा किताब असतो. सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या नावातला ‘सर’ तो. म्हणून परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिताना ‘डिअर पाटील सर’ लिहिलं तर त्यांना ते चमत्कारिक वाटतं. ‘रिस्पेक्टेड सर’ हेही खास आपल्याकडचं. तिकडे ‘डिअर प्रोफेसर’ किंवा ‘डिअर डॉक्टर’ आणि पुढे आडनाव, एवढं पुरे. समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे माहीत नसलं तरी यात चूक होत नाही.

अमेरिका-इंग्लंडात गेलेल्या मुलांना आणखी एक धक्का बसतो. काही प्राध्यापक म्हणतात, मला पहिल्या नावाने हाक मारा. मराठी मुलाची जीभ वळत नाही. घाई करू नये. त्यांनी स्वतः सांगेपर्यंत ‘प्रोफेसर’ म्हणावं, सांगितल्यावर नावाने म्हणावं. त्यांनी सांगूनही ‘सर, सर’ करत राहणं हा तिकडे आदर ठरत नाही.

‘प्रा.’ आणि ‘डॉ.’ यांचंही बघू. कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येकाला आपण ‘प्रा.’ लावतो. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी तीन पदं आहेत. व्यवहारात तिघांना ‘प्रा.’ चालतं आणि पीएच.डी. असेल तर ‘डॉ.’. कर्नाटकात मात्र पीयू कॉलेजात शिकवणारे ‘उपन्यासकरु’, म्हणजे व्याख्याते, आणि प्रिन्सिपल ‘प्रांशुपालरु’. हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी! इंदूरचा पाहुणा बेळगावच्या कॉलेजातली पाटी वाचून विचारेल की इथे इतके कादंबरीकार कसे. आणि पीएच.डी. असलेल्या मॅडमच्या पतीला ‘डॉ.’ आणि मॅडमला ‘सौ.’ लिहिणं हे तर अजूनही निमंत्रणपत्रिकांवर दिसतं. ज्याची पदवी त्याला लावावी, एवढं साधं आहे.

सौ. की श्रीमती?

सीमाभागात सगळ्यात जास्त मनं दुखावणारा शब्द हाच. मराठीत जुन्या रिवाजाने ‘सौ.’ म्हणजे नवरा हयात असलेली आणि ‘श्रीमती’ म्हणजे विधवा. हिंदी आणि कन्नडमध्ये ‘श्रीमती’ म्हणजे सरळ विवाहित स्त्री. तिथे विधवेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे कन्नड शाळेच्या पत्रिकेत मराठी शिक्षिकेच्या नावाआधी ‘श्रीमती’ छापलं की घरच्या सासूबाई चिडतात. उलट मराठी मंडळाने कन्नड मॅडमना ‘सौ.’ लिहिलं तर त्यांना ते वेगळंच वाटू शकतं. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला, तरी राग येतो.

उपाय सोपा आहे. शिक्षिकेच्या नावाआधी लग्नाची नोंद करण्याची गरजच काय? पुरुषाच्या नावाआधी आपण ‘विवाहित’ लिहितो का? ‘मा.’, ‘प्रा.’, ‘डॉ.’ यांपैकी जे लागू असेल ते लावावं, नाहीतर नुसतं नाव आणि पद. सरकारी कागदांवर आता सगळ्याच स्त्रियांना ‘श्रीमती’ लिहितात, तोही मार्ग चांगला. फक्त घरातल्या मोठ्यांना त्याचा अर्थ एकदा समजावून सांगावा.

अर्ज आणि व्हॉट्सॲप

मराठी अर्ज ठरलेला आहे. ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’, मग विषय, मग ‘महोदय’, आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. मुख्याध्यापिका असतील तर ‘महोदया’. कन्नड अर्जात ‘मान्यरे’ म्हणायचं, ते बाई-पुरुष दोघांना चालतं, आणि शेवटी ‘तम्म विधेय विद्यार्थि’. तिथे ‘तम्म’ हवा, ‘निम्म’ नको. जुन्या शिक्षकांना खासगी पत्र लिहायचं असेल तर ‘गुरुवर्य’ आणि ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘तीर्थरूप’ आई-वडिलांसाठीच राखलेला आहे. वडिलांच्या जागी मानलेल्या गुरूंना ‘तीर्थस्वरूप’ म्हणतात.

व्हॉट्सॲपवर ही सगळी पद्धत कोसळते. रात्री साडेअकराला नुसतं ‘सर’ एवढाच मेसेज येतो. सर जागे होतात, ‘काय?’ विचारतात, आणि पलीकडून उत्तर नाही. असं करू नये. पहिल्याच मेसेजमध्ये नमस्कार, स्वतःचं नाव, वर्ग आणि काम लिहावं. सरांकडे दोनशे मुलांचे नंबर सेव्ह नसतात. ‘ओके’पेक्षा ‘हो सर’ किंवा ‘ठीक आहे मॅडम’ बरं. अंगठ्याचं चित्र मित्रांना. आणि हिंदीत टाईप करताना तोच जुना सापळा, ‘तुम’ नव्हे, ‘आप’.

मान दोन्ही बाजूंनी

इथपर्यंत सगळं विद्यार्थ्यांना सांगून झालं. पण खात्याला दोन बाजू असतात. शिक्षक मुलांना काय म्हणतात? ‘ए शेवटच्या बाकड्या’, ‘ए जाड्या’, ‘ए मराठी’, ‘ए खेडवळ’. भाषेवरून, गावावरून, अंगावरून, आडनावावरून हाक मारली की मूल वर्गात असून नसल्यासारखं होतं. आपल्याकडे आडनावात जात दिसते, त्यामुळे दर तासाला नुसतं आडनाव पुकारणं हेही काही मुलांना बोचतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. टोपणनावाने हिणवणं हे त्या दुसऱ्या शब्दात बसू शकतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

शाळेत मुलांना ‘तू’ म्हणणं स्वाभाविक आहे, त्यात माया असते. कॉलेजात मात्र काही प्राध्यापक मुद्दाम विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कुणी ‘तुम्ही सांगा’ म्हणतं तेव्हा ती सरळ बसते. याला पैसा लागत नाही. आणि शाळेतले शिपाई ‘मामा’, सेविका ‘मावशी’ ही आपली जुनी रीत टिकवायलाच हवी. मुलं मान देणं सरांकडून शिकतात. सर मावशींशी कसं बोलतात, ते वर्ग बघत असतो.

पालकांनी काय करावं?

नवीन शाळा-कॉलेज सुरू होण्याआधी घरी चार गोष्टी सांगाव्यात. एक, त्या भाषेतला मानाचा ‘तुम्ही’ कुठला, आणि हिंदी असेल तर ‘आप’च. दोन, तिथे शिक्षिकेला काय म्हणतात, ते पहिल्या दिवशी जुन्या मुलांना विचारून घ्यायचं. तीन, शिक्षक समोर नसतानाही मानाचंच क्रियापद, म्हणजे ‘आले’, ‘बंद्रु’, ‘आए’. चार, शंका आली तर सरळ विचारायचं, ‘सर, तुम्हाला काय म्हणू?’ हा प्रश्न कुठल्याही भाषेत उद्धट ठरत नाही. उलट बहुतेक शिक्षकांना तो आवडतो.

शिक्षकांनाही एक विनंती. दुसऱ्या भाषेतून आलेलं पोरगं ‘तुम’ म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडे बघा. हात जोडलेले असतील, नजर खाली असेल, तर तो उद्धटपणा नाही, भाषांतराची चूक आहे. जवळ बोलावून एकदा सांगितलं की पोरगं पुढच्या वेळी नीट बोलेल.